उंबरठ्यावरचे पिल्लू

महाभारताच्या अखेरीस स्वर्गाच्या दारात जो पेच उभा राहतो, तो एका कुत्र्यामुळे. कुत्र्याला आत प्रवेश नाही असे इंद्राचे म्हणणे, आणि सोबत आलेल्याला टाकून आपण आत येणार नाही असा युधिष्ठिराचा हट्ट. पुढे हा कुत्रा म्हणजे साक्षात धर्म असल्याचे उघड होते आणि पेच सुटतो. विसाव्या शतकात हाच प्रश्न आगगाडीच्या, उपाहारगृहाच्या, दुकानाच्या दारात पुन्हा उभा राहिला. मात्र येथला कुत्रा अखेरपर्यंत कुत्राच राहिला, त्यामुळे त्याच्या प्रवेशाचे समर्थन माणसांनाच शोधावे लागले. ते त्यांनी कसे शोधले आणि त्यात काय शिल्लक राहिले, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

दृष्टिहीनाला कुत्र्याने वाट दाखवावी ही कल्पना जुनी आहे. व्हिएन्नात अंधांसाठी शाळा काढणाऱ्या योहान विल्हेल्म क्लाइनने 1819 मध्ये आपल्या अध्यापनविषयक ग्रंथात कुत्र्याला शिकवण्याची पद्धत नोंदवून ठेवली होती. पण या कल्पनेला संस्थेचे रूप आले ते पहिल्या महायुद्धाने. आघाडीवरून दृष्टी गमावून परतलेल्या जर्मन सैनिकांसाठी डॉ. गेऱ्हार्ट श्टालिंग यांनी 1916 मध्ये ओल्डेनबुर्ग येथे मार्गदर्शक कुत्र्यांची पहिली शाळा सुरू केली. 1923 मध्ये पोट्सडाम येथे आणखी एक शाळा निघाली. स्वित्झर्लंडमध्ये राहून जर्मन शेफर्ड कुत्र्यांची पैदास करणाऱ्या डॉरोथी हॅरिसन युस्टिस या अमेरिकन बाईंनी ती शाळा पाहिली आणि 5 नोव्हेंबर 1927 च्या ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये तिच्यावर लेख लिहिला.

तो लेख टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल गावी मॉरिस फ्रँक या विशीतल्या तरुणाला त्याच्या वडिलांनी वाचून दाखवला. फ्रँक दृष्टिहीन होता. त्याने युस्टिसबाईंना पत्र लिहिले आणि 1928 मध्ये तो स्वित्झर्लंडला गेला. जाताना त्याला एका कंपनीच्या हवाली पार्सलासारखे करण्यात आले होते, जहाजावर त्याच्या हिंडण्याफिरण्यावरही बंधने होती. परतताना मात्र त्याच्या हाती बडी या कुत्रीच्या पट्ट्याचा दांडा होता. जून महिन्यात न्यूयॉर्कच्या धक्क्यालगतचा रहदारीचा वेस्ट स्ट्रीट त्याने बडीच्या सोबतीने वार्ताहरांदेखत ओलांडला आणि युस्टिसबाईंना एका शब्दाची तार केली : यश. 1929 च्या जानेवारीत ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली.

रस्ता ओलांडला, पण दार ओलांडावयाचे राहिलेच होते. आगगाडीत, उपाहारगृहात कुत्र्याला मज्जाव असेल, तर फ्रँकसारख्याला मिळालेले स्वातंत्र्य फुटपाथपुरतेच उरत होते. म्हणून फ्रँक गावोगाव हिंडला, आणि बडी त्याच्यासोबत असे. 1935 पर्यंत अमेरिकेतल्या सर्व रेल्वे कंपन्यांनी मार्गदर्शक कुत्र्याला मालकापाशी बसू देण्याचे मान्य केले. 1956 पर्यंत सर्व राज्यांत सार्वजनिक स्थळी प्रवेशाची हमी देणारे कायदे झाले. 1990 च्या अपंगत्वविषयक राष्ट्रीय कायद्याने हा अधिकार देशभर एकसारखा केला. या सगळ्या वाटचालीतले तत्त्व नीट ध्यानात घेतले पाहिजे. प्रवेशाचा अधिकार कुत्र्याचा नाही, तो माणसाचा आहे. ज्याच्या हाती दांडा आहे त्या नागरिकाला दार अडवता येत नाही, म्हणूनच कुत्राही आत येतो. युधिष्ठिराच्या कथेत कुत्रा देव निघाला म्हणून प्रश्न सुटला. येथे माणूस नागरिक आहे एवढे पुरेसे ठरले.

मात्र याच तत्त्वात एक अडचण दडलेली आहे. मार्गदर्शक कुत्रा जन्मतः मार्गदर्शक नसतो. आरंभीच्या शाळा वयात आलेले कुत्रे निवडून त्यांना शिकवीत, आणि त्यातले बरेच नापास होत. मग पिल्ले लहानपणीच घरोघरी सोपवण्याची पद्धत आली. अमेरिकेत ‘द सीइंग आय’ने 1942 मध्ये फोर-एच या ग्रामीण मुलांच्या मंडळांच्या साहाय्याने ती सुरू केली, ब्रिटनमध्ये ती 1956 मध्ये आली. या व्यवहाराला शास्त्राची जोडही पुढे मिळाली. क्लॅरेन्स फाफेनबर्गर आणि जॉन पॉल स्कॉट यांनी 1959 मध्ये दाखवून दिले, की जी पिल्ले पहिल्या बारा आठवड्यांनंतरही कुत्राघरातच रेंगाळतात, ती पुढे शिक्षणात मागे पडतात. माणसांच्या जगाची ओळख फार लवकर व्हावी लागते.

म्हणून साधारण दोन महिन्यांचे पिल्लू एखाद्या कुटुंबात येते आणि वर्ष-सव्वा वर्ष तेथे वाढते. घर घाण न करणे, अंगावर न झेपावणे, जमिनीवर सांडलेले अन्न न हुंगणे हे ते तेथे शिकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते बसमध्ये चढते, फिरत्या जिन्याचा आवाज ऐकते, बाजारातल्या गर्दीत मेजाखाली गुमान पडून राहते. वाट दाखवण्याचे खरे शिक्षण नंतर शाळेत, पण त्याचा पाया या हिंडण्यात घातला जातो. यात ‘पाळणे’ हे क्रियापद बसत नाही, कारण पाळण्यात मालकी गृहीत असते. ‘सांभाळणे’ अधिक जवळचे. आपल्याकडे ठेवही सांभाळतात, आणि ठेव परत करावयाची असते.

आता अडचण पाहू. अमेरिकन कायद्याची व्याख्या ‘शिकवलेल्या’ कुत्र्याची आहे. दाराशी असलेल्या कर्मचाऱ्याला कुत्र्याचे काम उघड दिसत नसेल, तर दोनच प्रश्न विचारता येतात : हा कुत्रा अपंगत्वामुळे आवश्यक आहे काय, आणि त्याला कोणते काम शिकवलेले आहे? दुसऱ्या प्रश्नातले क्रियारूप पूर्ण झालेल्या क्रियेचे आहे. ‘शिकवलेला’ आणि ‘शिकत असलेला’ यांतला फरक व्याकरणाच्या तासाला किरकोळ वाटतो; दुकानाच्या दारात तोच निर्णायक ठरतो. पिल्लाला सांभाळणारा माणूस बहुधा डोळस असतो, आणि ज्याच्या नागरिकत्वावर हा अधिकार उभा आहे तो दृष्टिहीन माणूस अजून या चित्रात आलेलाच नाही. अधिकार आहे, पण तो धारण करणारा अनुपस्थित. दारे बंद राहिली तर पिल्लू शिकणार नाही, आणि शिकल्यावाचून राष्ट्रीय कायदा दार उघडावयास सांगणार नाही.

ही कोंडी अनेक राज्यांनी आपापल्या कायद्यात शिकाऊ कुत्र्यांचा समावेश करून फोडली, परंतु या तरतुदी एकसारख्या नाहीत. त्यांच्या पलीकडे सारी भिस्त दुकानदाराच्या सौजन्यावर राहते. पिल्लाच्या अंगावरचे छोटे जाकीट हा हुकूम नसतो, ती विनंती असते. सांभाळणारा ‘नाही’ ऐकून मुकाट्याने माघारी वळतो, कारण त्याने घातलेला वाद पुढे एखाद्या दृष्टिहीन ग्राहकाला भोवेल हे तो जाणतो. त्याचे निम्मे काम पिल्लाला माणसांची सवय लावण्याचे आणि निम्मे माणसांना त्या कुत्र्याची सवय लावण्याचे असते. फ्रँकने बडीला घेऊन जे केले, तेच तो अनामिकपणे पुढे चालवीत असतो.

या इतिहासात वारंवार सांगितली जातात ती नावे फ्रँक, युस्टिस आणि बडी यांची. सांभाळणाऱ्यांची नावे त्यात नाहीत. मुदत संपली की ते पिल्लू परत नेऊन देतात. ते पुढे कोणाच्या हाती जाईल हे त्या वेळी त्यांना ठाऊक नसते; काही कुत्रे अंतिम परीक्षेत उतरतही नाहीत. तरीही त्या वर्षभरात त्याच्यासाठी उघडलेले प्रत्येक दार कोणा अपरिचित माणसाच्या उद्याच्या वाटेवरचे असते. तो माणूस त्या दाराशी येईल तेव्हा त्याला कोणाचे सौजन्य मागावे लागणार नाही. ते त्याच्या वतीने आधीच कोणीतरी मागून ठेवलेले असेल.