मुराळी निघाला शिकागोला

आमच्या वसमत-कळमनुरीकडं पूर्वी लेक सासरहून एकटी माहेरी येत नसे. पंचमीला, दिवाळीला माहेरचं माणूस तिला न्यायला जाई. बहुतेक वेळा धाकटा भाऊ, तो नसला तर चुलता. हा मुराळी. सासरच्या ओसरीवर तो घोंगडीवर बसे, चहापाणी होई, आणि मग व्याही खाकरून विषय काढत. रजा मिळाली तर लेक गाडीत बसे. नाही मिळाली तर रिकामी गाडी घेऊन परत, आणि घरी आईच्या डोळ्याला डोळा न देणं. मी शाळेत तीस-एक वर्षं इतिहास शिकवला. पानिपत आणि फ्रेंच राज्यक्रांती पुस्तकात असते, मुराळी नसतो. म्हणून त्याच्याबद्दल जे ऐकलं, पाहिलं ते लिहिते.

माझ्या आजीचं माहेर उमरखेडकडचं, सासर कळमनुरी तालुक्यात. मध्ये पैनगंगा. आज ती नदी दोन जिल्ह्यांची शीव आहे, पण आजीच्या तरुणपणी ती दोन राज्यांची सरहद्द होती. अलीकडे निजामाची मोगलाई, पलीकडे इंग्रजांच्या कारभारातला वऱ्हाड. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात गेलेला. त्यामुळे आजीचा भाऊ मुराळी म्हणून निघाला की तो अक्षरशः परमुलखात येई. खिशात इंग्रजी कलदार रुपये, ते इकडे निजामाच्या हाली सिक्क्यात बदलायचे. सहा कलदाराला सात हाली, असा साधारण भाव. वर नाक्यावर करोडगिरी, म्हणजे निजामाची जकात. बहिणीसाठी आणलेलं नवं लुगडं नाक्यावर दिसू नये म्हणून त्या भावाची बायको ते आधी एकदा नेसून, घडी मोडून गाठोड्यात बांधून द्यायची, असं आजी सांगे. हिंगोली-वाशीम रस्त्यावरच्या कनेरगावाच्या नावाला ‘नाका’ अजून चिकटलेला आहे. एसटीतल्या पोरांना तो चहाचा थांबा वाटतो.

१९४७-४८ च्या रझाकारी वर्षात ही ये-जा तुटलीच. उमरखेडला मुक्तिसंग्रामाचं शिबिर होतं, सरहद्दीवर गोळीबार होई, आणि मोगलाईतली कितीतरी कुटुंबं नदी ओलांडून पलीकडे राहायला गेली. आजीची ती दिवाळी माहेरावाचून गेली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं, त्यानंतरच्या दिवाळीत तिचा भाऊ आला तो नाक्यावर न थांबता. हाली सिक्का मात्र पुढेही काही वर्षं चालत होता.

पुढं माहेर-सासरातलं अंतर वाढत गेलं. पूर्णा-हिंगोली छोटी लाइन निजामाच्या काळातच झाली होती, तीच पुढे खांडव्यापर्यंत गेली. शिकायला मोठी मुलं हैदराबादला जात, मग औरंगाबादला, मग पुण्याला. मुराळी बैलगाडीतून उतरून रेल्वेत बसला. मुलीच्या सासरी जाऊन ‘पाठवा’ म्हणायची रीत तेवढी टिकून होती.

परदेशातल्या लेकीकडे मात्र कोण जाणार? इथं एक जुनी गोष्ट आठवते. आनंदीबाई जोशी १८८३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात शिकू लागल्या. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, तिथल्या हिवाळ्यात ते चालेना, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली. त्यांची खोली नीट तापत नसे आणि शेगडीचा धूर कोंडे. प्रकृती बिघडली ती तिथं. १८८६ च्या मार्चमध्ये त्यांना पदवी मिळाली तेव्हा समारंभाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या. त्या आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातल्या. फेब्रुवारीत बोटीत बसल्या, बरोबर पाच वर्षांचीही न झालेली मनोरमा. भर हिवाळ्यात अटलांटिक ओलांडून, लेकराला घेऊन नातलगाच्या भेटीला अमेरिकेत गेलेलं याआधीचं मराठी माणूस मला तरी माहीत नाही. मी रमाबाईंना पहिला मुराळी म्हणते. त्यांच्या कार्याच्या यादीत हे कुणी घालत नाही, घालायला हवं. आनंदीबाई त्याच वर्षी परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या.

त्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षं अमेरिकेचं दार फटीएवढंच उघडं होतं. १९४६ च्या कायद्यानं भारतीयांना वर्षाला शंभर जागा मिळाल्या होत्या. १९६५ मध्ये तो कायदा बदलला आणि डॉक्टर, इंजिनिअर जाऊ लागले. जाताना रिझर्व्ह बँक हातावर आठ डॉलर ठेवी. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ चं, साऱ्या उत्तर अमेरिकेचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. पण ती पहिली पिढी मुंबई-पुण्याची. आमच्याकडून कुणी गेलं नाही, कारण आमच्याकडं इंजिनिअरच नव्हते.

ते झाले १९८३ नंतर. वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. नांदेडला सरकारी मदतीचं कॉलेज दोनच वर्षं आधी निघालं होतं. ज्याच्याकडं बागायत, त्याचं पोरगं आणि पुढं पोरगीही तिथं पोचली. वसमतची हळद इथं उपयोगी पडली. एका चांगल्या हंगामाच्या हळदीत मुलीची फी निघायची, असं माझ्या नवऱ्याचं गणित होतं, आणि ते बरोबर ठरलं. मग २००० सालाच्या संगणकी धास्तीनं कंपन्यांना माणसं हवी झाली, आणि वसमतच्या गल्लीत ‘पोरगी कुठं दिली?’ याला ‘न्यू जर्सीला’ असं उत्तर ऐकू येऊ लागलं.

आणि इथंच मुराळी उलटा फिरला. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा नियम. पण लेक सातव्या महिन्यात विमानात बसून येणार नाही, तिचं इन्शुरन्स तिथं, तिची नोकरी तिथं. तेव्हा माहेरच उठून तिच्याकडं गेलं. रमाबाईंपासून आमच्यापर्यंत जे झालं त्याचं श्रेय लोक विमानाला देतात. माझ्या मते ते बाळंतपणाचं आहे. विमान होतंच की, एअर इंडिया १९६० पासून न्यूयॉर्कला जात होती. आमच्या बायकांना पासपोर्ट काढायला लावला तो डिंकाच्या लाडवांनी.

आमच्या ओळखीतल्या एका विहीणबाईंनी मुंबईच्या ब्रीच कँडीला, भुलाभाई देसाई रस्त्यावर, पहाटेपासून अमेरिकन वकिलातीच्या रांगेत उभं राहून व्हिसा काढला होता. २०११ च्या शेवटी वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. मी नांदेडहून देवगिरी एक्सप्रेसनं तिथं गेले. काचेपलीकडच्या मुलीनं विचारलं, कशाला जाताय. मी म्हटलं, लेकीचं बाळंतपण करायला. तिनं मान वर करून मला पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही.

त्या खेपेला उन्हाळा होता. बाळंतिणीला ओवा-बाळंतशेपांची धुरी द्यायला मी तव्यावर निखारा केला आणि छतावरचं यंत्र किंचाळायला लागलं. जावई टॉवेल घेऊन धावले. पुढची धुरी बाल्कनीत झाली, लेकराला पोटाशी धरून. आनंदीबाईंच्या खोलीत धूर कोंडला तरी कुणाला कळलं नाही, इथं चिमूटभर ओव्याला अख्खी इमारत जागी होते.

पण हिवाळ्यात जायचं का? पुण्या-मुंबईचे आईबाप मे महिन्यात जातात. आमच्या भागातली शेतकरी घरं डिसेंबर-जानेवारीत जातात, आणि त्याला कारण शेत आहे. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे निघून मोंढ्यावर जातं. हळदीचा पाला जानेवारीत वाळू लागतो, काढणी, शिजवणी, पॉलिश हे सगळं शिवरात्रीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यात जातं. मधली फट तेवढी मोकळी. त्याच फटीत तिकडं नाताळची सुट्टी असते, आणि त्याच फटीत बर्फ पडतं. आजीच्या भावाची गाडीही पिकाच्या हिशोबानंच निघायची, त्यात नवं काही नाही.

२०१८ च्या डिसेंबरअखेर आम्ही निघालो. मी, हे, आणि धाकटा मुलगा. निघायच्या आठवड्यात आमच्याकडंच कडाका पडला. परभणीच्या कृषी विद्यापीठात २९ डिसेंबरला २ अंशांची नोंद झाली. ह्यांना केळीचा पोगा करपेल ही चिंता. दर हिवाळ्याला गावात येणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांकडून आम्ही स्वेटर, कानटोप्या घेतल्या. शिवाय ह्यांनी सासऱ्यांच्या वेळची काळी घोंगडी बॅगेत कोंबली. मी नको म्हणाले, ऐकलं नाही.

बॅगेतून काय न्यावं हा आमच्याकडं आता शास्त्राएवढा मोठा विषय आहे. तांदूळ न्यायला २०११ पासून बंदी आहे, खापरा भुंगेऱ्याच्या भीतीनं. पुढं त्या यादीत हरभरा, करडई आणि सोयाबीनही गेलं. म्हणजे हिंगोली जिल्ह्याच्या शिवारात जे पिकतं त्यातलं बरंचसं शिकागोच्या ओ’हेअर विमानतळावर कचऱ्यात जाणार. हळदीची पूड तेवढी चालते. येसर, कुरडया, शेवया आणि पाच किलो हळद घेऊन आम्ही उतरलो. अधिकाऱ्यानं पिवळी पिशवी हातात घेऊन हलवली, वास घेतला, परत दिली. करोडगिरी लागली नाही.

लेक नेपरव्हिलला राहते, शिकागोच्या पश्चिमेला. शिकागो हे नाव ह्यांना माझ्या आधीपासून माहीत. हिंगोलीच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव पडला की अडत्या सांगतो, ‘शिकागो तुटलं.’ तिथं शेतमालाच्या वायद्यांचा बाजार १८४८ पासून आहे, सोयाबीनचे वायदे १९३६ पासून. ज्या गावानं आपला भाव पाडला ते गाव बघायचंच होतं त्यांना. जावयांनी एका रविवारी आम्हाला डिकॅल्बच्या बाजूला नेलं. नजर पोचेल तिथवर सपाट पांढरं. ह्यांनी बुटानं बर्फ उकरलं, खाली सोयाबीनचे खुंट. किती तरी वेळ ते वाकून पाहत होते. मग म्हणाले, ‘आपल्याएवढ्याच अंतरावर पेरतात.’ बर्फाबद्दल दिवसभरात त्यांनी एवढंच बोलून दाखवलं. काटेरी तारेचं पेटंट १८७४ मध्ये याच डिकॅल्बच्या शेतकऱ्यानं घेतलं, असं जावयांनी सांगितलं, तेव्हा मात्र ते लगेच म्हणाले, ‘मग डुकरं त्यांच्याकडंही होती म्हणा.’

संक्रांत १५ जानेवारीला होती. नातवाचं बोरन्हाण केलं. बोरं कुठली! चुरमुरे होते, हलव्याचे दागिने मी नेले होते, बोरांच्या जागी द्राक्षं आणि चॉकलेटच्या गोळ्या. शेजारची गोरी मुलंही खाली बसून वेचू लागली. काळी साडी नेसून, वर जावयाचं जाडजूड जाकीट घालून मी हळदीकुंकवाला बायकांना बोलावलं. एक बाई नांदेडची निघाली, एक चक्क सेनगावची.

मग ३० जानेवारी. शिकागोत पारा उणे ३० च्या खाली गेला. शाळा बंद, टपालखात्यानं त्या दिवशी वाटप थांबवलं. लोकलच्या रुळांचे सांधे गोठू नयेत म्हणून तिथं गॅसच्या ज्वाळा लावतात. टीव्हीवर ते पेटलेले रूळ पाहून मुलगा म्हणाला, गाडी जळतेय. घरात मात्र आम्ही साध्या कपड्यांत. भिंतीतून गरम हवा येत होती, नातू उघडाच फिरत होता. खरं सांगायचं तर त्या हिवाळ्यात मला थंडी वाजली ती वसमतला, २९ डिसेंबरच्या पहाटे, पत्र्याच्या न्हाणीघरात. आमच्याकडची थंडी घरात शिरते. तिकडची दाराबाहेर उभी राहते, आत यायची तिला मुभा नसते. घोंगडी बॅगेतून निघाली ती नातवाला खाली झोपवायला.

एक रीत मात्र आमच्या घरात जुन्यासारखीच राहिली. लेकीच्या घरचं बापानं खाऊ नये, मूल होईपर्यंत तर पाणीही पिऊ नये. आजीचे वडील कधी कळमनुरीला आलेच तर शिदोरी बांधून येत आणि नदीवर बसून खात. ह्यांनी आपली तोड काढली. परदेशी जाणाऱ्याला आता वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत नेता येतात. ह्यांनी नेलेले होते त्याच्या पासंगालाही न पुरणारे, पण दर रविवारी त्यातल्या काही नोटा ते लेकीच्या फ्रीजवर ठेवत. शिध्याचे. लेक पहिल्यांदा चिडली, मग हसली, मग नातवाच्या नावानं खातं उघडून त्यात टाकू लागली. जावयांना हे कुणी समजावलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. त्यांचे वडील परभणीचे. त्यांना कळत असणार.

शिवरात्रीच्या आत आम्ही परतलो, हळद काढायची होती. हल्ली गल्लीतली कुणीतरी व्हिसाची तारीख लागली की वही घेऊन येते. मी सांगते: तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, हरभऱ्याची डाळ मोहानं घालू नको, कुरडया वर ठेव, मोडतात. धुरी बाल्कनीत. आणि नवऱ्याला सुट्या नोटा घ्यायला सांग, वीस-वीसच्या, शंभराची नोट लेक घेत नाही.