बॉल, व्हॅलेंटाइन

(१४ जुलै १८४३–१५ जून १८९५). आयरिश भूवैज्ञानिक, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील अधिकारी आणि डब्लिन येथील विज्ञान व कला संग्रहालयाचे संचालक. जन्म डब्लिन येथे. वडील रॉबर्ट बॉल हे नामांकित निसर्गाभ्यासक असून ट्रिनिटी कॉलेजचे संग्रहालय त्यांच्या देखरेखीखाली होते. थोरले बंधू सर रॉबर्ट स्टॉवेल बॉल हे ज्योतिर्विद म्हणून, तर धाकटे सर चार्ल्स बेंट बॉल हे शल्यविशारद म्हणून पुढे प्रसिद्धीस आले. वडील १८५७ मध्ये निवर्तल्यानंतर व्हॅलेंटाइन यांनी १८६० ते १८६४ ही चार वर्षे आयर्लंडच्या चॅन्सरी न्यायालयाच्या दप्तरात कारकुनी केली आणि ती सांभाळूनच ट्रिनिटी कॉलेजची पदवी संपादिली.

१८६४ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात त्यांची नेमणूक झाली. खात्याचे तत्कालीन प्रमुख टॉमस ओल्डहॅम हेही डब्लिनचेच. पुढील सतरा वर्षे बॉल यांनी मुख्यत्वेकरून छोटानागपूर, बंगाल व ओरिसा या मुलखांत घालविली. रामगढ, औरंगा व हुतार येथील कोळशाची क्षेत्रे आणि मानभूम व सिंघभूम या जिल्ह्यांची भूरचना यांविषयीचे त्यांचे अहवाल खात्याच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध आहेत. परंतु ज्या रानातून खडक पाहत जावयाचे, त्या रानातील माणसे, पाखरे व झाडे यांकडे पाठ फिरविणे त्यांच्या स्वभावात नव्हते. मानभूम व हजारीबाग येथील रहिवासी मोहाच्या फुलांसारख्या कोणकोणत्या वनोपजांवर निर्वाह करतात याची साक्षेपाने केलेली नोंद, प्रागैतिहासिक मानवाच्या दगडी हत्यारांचा शोध, छोटानागपूरच्या पक्ष्यांची सूची, अंदमान-निकोबारची सफर व बॅरन बेटावरील ज्वालामुखीचे निरीक्षण ही सारी त्याच भ्रमंतीची फळे होत. अंदमानातील एका लहान घुबडाला ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्यांचे नाव दिले. या वर्षांचा वृत्तांत ‘जंगल लाइफ इन इंडिया’ (१८८०) या ग्रंथात आला असून तो आजही वाचनीय आहे.

मेडलिकॉट व ब्लॅनफर्ड यांनी १८७९ मध्ये सिद्ध केलेल्या भारतीय भूविज्ञानाच्या ग्रंथास पुरवणी म्हणून बॉल यांनी लिहिलेला तिसरा भाग (१८८१) देशातील उपयुक्त खनिजांना वाहिलेला आहे. हिरे, सोने, तांबे, लोखंड, कोळसा इत्यादींची ठिकाणे नमूद करताना त्यांनी सर्वेक्षणाच्या अहवालांबरोबरच जुन्या प्रवाशांच्या लिखाणाचाही धांडोळा घेतला, आणि या सवयीतूनच त्यांचे सर्वांत मोलाचे कार्य उदयास आले असे म्हणावयास हरकत नाही.

ते कार्य म्हणजे सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याच्या भारतप्रवासाचा इंग्रजी अनुवाद (दोन खंड, १८८९). ताव्हेर्नियेने उल्लेखिलेल्या हिऱ्यांच्या खाणी नेमक्या कोठे होत्या, याविषयी पूर्वीच्या लेखकांत मोठा घोटाळा होता. कित्येकांनी गोवळकोंडा हीच खाण मानली होती, वस्तुतः ती राजधानी व बाजारपेठ होय, आणि खाणींपैकी प्रसिद्ध कोल्लूर कृष्णेच्या काठी दूर पूर्वेस होती. ‘सुमेलपूर’ या नावाची गल्लत महानदीकाठच्या संबळपूरशी केली जात असे. पलामूचा प्रदेश स्वतः पाहिलेला असल्याने बॉल यांनी ते स्थान तेथील कोएल नदीकाठी दाखविले. ताव्हेर्नियेचा कॅरट फ्लॉरेन्सचा होता असे धरून त्यांनी त्याच्या वजनांचाही हिशेब नव्याने मांडला. औरंगजेबाच्या दरबारी ताव्हेर्नियेने पाहिलेला मोठा हिरा म्हणजेच पुढे तुकडे निघून घटलेला कोहिनूर, हे त्यांचे अनुमान मात्र वादग्रस्त राहिले, आणि स्थलनिश्चितीइतके त्याला वजन देता येत नाही.

१८८१ मध्ये नोकरीचा राजीनामा देऊन ते डब्लिन विद्यापीठात भूविज्ञान व खनिजविज्ञान या विषयांचे प्राध्यापक झाले. १८८२ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले आणि १८८३ मध्ये संग्रहालयाचे संचालकपद आले. किल्डेर स्ट्रीटवरील नव्या इमारतीचा पाया १८८५ मध्ये युवराजांच्या हस्ते घातला जाऊन ती १८९० मध्ये खुली झाली, आणि रॉयल आयरिश अकादमीजवळील तारा ब्रोच, अर्डा येथील पवित्र चषक यांसारख्या अमूल्य पुराणवस्तू तेथे आल्या. आजचे आयर्लंडचे राष्ट्रीय संग्रहालय ते हेच. संचालकपदावर असतानाच बॉल यांचे निधन झाले. ताव्हेर्नियेच्या ग्रंथाची नवी आवृत्ती विल्यम क्रुक यांनी १९२५ मध्ये काढली, तिचा आधार बॉल यांचाच अनुवाद होय.