राणीची बाग, मुंबई

भायखळ्यातील सार्वजनिक वनस्पतिउद्यान. अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पूर्वीचे व्हिक्टोरिया गार्डन्स. उद्यान 1862 मध्ये खुले झाले. प्राणिसंग्रहालयाची भर पुढे पडली, तरी बहुतेकांच्या लेखी ही बाग म्हणजे पिंजरेच. झाडांवर हा अन्यायच आहे.

येथे देशी आणि परदेशी वृक्ष शेजारी वाढलेले दिसतात. आफ्रिकेतील गोरखचिंच तिच्या अवाढव्य बुंध्यामुळे चटकन ओळखू येते. दक्षिण अमेरिकेतील कैलासपतीची फुले फांद्यांच्या टोकांना न येता थेट खोडावर येतात. त्याची तोफगोळ्यासारखी जड फळेही खोडालाच लागतात, म्हणून त्याखाली रेंगाळू नये. म्यानमारच्या उर्वशीचे लोंबते लाल-पिवळे तुरे पाहायचे तर हिवाळ्याच्या अखेरीस जावे. त्याच सुमारास देशी सीताअशोकही केशरी गुच्छांनी बहरतो. द्रोणासारख्या पानांचा कृष्णवड मात्र बारमाही प्रेक्षणीय.

उद्यानाच्या पुनर्विकासाच्या आराखड्यामुळे जुन्या वृक्षांना धोका पोहोचेल म्हणून नागरिकांनी त्याला विरोध केला. त्यातून या वनस्पतिसंग्रहाकडे नव्याने लक्ष वेधले गेले. शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. बाग एरवी बुधवारी बंद असते.