हाताने लिहिलेले दैनिक

मेहरूण म्हटले की लोकांना प्रथम बोरे आठवतात, मग तलाव. वाचनाशी या नावाचा संबंध जोडण्याचे कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक जळगावचे सार्वजनिक वाचनालय १८७७ सालचे. तेव्हा ग्रंथांची उणीव होती असे म्हणता येणार नाही. परंतु कपाटात ग्रंथ असणे निराळे आणि पोरांनी ते मागून नेणे निराळे. ही गाठ खानदेशात एकाने कशी सोडविली, ते पाहावयास अमळनेरास जावे लागते.

१९२४ साली पांडुरंग सदाशिव साने तेथील हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. गुरुजी म्हटले की आपणांस आई आठवते आणि अश्रू आठवतात. त्यांच्या हातातला टाक मात्र आपण विसरतो! वर्गात शिकवावे, मुलांच्या खोल्या झाडाव्यात, आजाऱ्यांच्या उशाशी बसावे, आणि एवढे करून या गृहस्थाने छात्रालयासाठी हस्तलिखित दैनिक चालविले. मासिक नव्हे, दैनिक! छापखाना नाही, वर्गणी नाही, वाचक छात्रालयातलेच. ‘विद्यार्थी’ मासिक त्यांनी काढले तेही याच काळात. लांबून आलेल्या ग्रंथापुढे खेड्यातला मुलगा बुजतो. पण आपल्याला ओळखणाऱ्या माणसाने आपल्यासाठी लिहिलेला ताजा कागद त्याला परका वाटत नाही. मला वाटते, सारे मर्म येथेच आहे.

१९३० साली नोकरी सोडून गुरुजी सत्याग्रहात गेले. तोच हात १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात पुन्हा चालू लागला. विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरून घेत. अठरा प्रवचने झाली. कोठडीच्या भिंतीआड बोललेले ते शब्द पुढे पुस्तकरूपाने लाखो लोकांनी वाचले.

हे सारे वाचून मीही मेहरूणात एका ओट्याच्या भिंतीवर रोज एक कागद लावू लागलो. पहिले आठ दिवस थोरांची चरित्रे लिहिली. कोणी फिरकले नाही! मग कोणाची म्हैस तलावात रुतली, कोणाचा पतंग बोरीच्या काट्यांत अडकला, असे लिहू लागलो, तशी गर्दी जमली. पण तीन आठवड्यांत माझा हात थकला. गुरुजींनी ते रोज कसे निभावले असेल, याचा अंदाज मला तेव्हा आला.

कागद बंद झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, अक्षर अक्षर जुळवून वाचणारा एक मुलगा दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, “सर, तो पतंग लाल नव्हता, हिरवा होता. आज कागद लावाल तेव्हा तेवढं दुरुस्त करा.”

मी पेन्सिल त्याच्याच हाती दिली.