वारानें जेवणारे विद्यार्थी

१८८० सालीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल निघालें. त्या काळीं विद्येसाठीं परगांवाहून येणाऱ्या गरीब ब्राह्मण मुलांस पुस्तकांआधीं पोटाची विवंचना असे. कोणी माधुकरी मागे, कोणी वार लावी. सात दिवस, सात घरें. एक घर सुटलें कीं त्या वारीं उपास. यजमानांचा स्नेह पुष्कळदां खरा असे. तरी वाढणारीची चर्या पाहून चौदा वर्षांचा मुलगा दुसरी पोळी ‘नको’ म्हणे, आणि वाढत्या अंगाला तीच हवी असे. इतर जातींच्या मुलांना हें दारही बहुधा बंदच. त्यांच्यासाठीं कोल्हापुरास शाहू महाराजांच्या आश्रयानें १९०१ पासून वसतिगृहें निघालीं. १९२४ सालीं साताऱ्यास भाऊराव पाटलांनीं बोर्डिंग काढलें. तेथें सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवूं लागलीं.