ताजमहाल हॉटेल, मुंबई

ताजमहाल हॉटेल, मुंबई : अपोलो बंदरावरील जगप्रसिद्ध हॉटेल व मुंबईतील एक ऐतिहासिक वास्तू. उद्योगपती जमशेटजी टाटा यांनी ते उभारले. १६ डिसेंबर १९०३ रोजी ते खुले झाले. त्या वेळी अवघे १७ पाहुणे होते.

त्यापूर्वीच्या मुंबईत वॉटसन हॉटेलचा लौकिक होता. बिडाचा सांगाडा इंग्लंडमधून आणून उभारलेल्या या इमारतीत ७ जुलै १८९६ रोजी ल्यूम्येअर बंधूंच्या चित्रपटांचा भारतातील पहिला खेळ झाला. तेथे हिंदी माणूस म्हणून प्रवेश नाकारला गेल्याने जमशेटजींनी ताजमहाल बांधले, ही कथा सर्वश्रुत असली, तरी तिला समकालीन आधार मिळत नाही. १८९६ च्या प्लेगने मुंबईची अवकळा झाली होती आणि या शहराची प्रतिष्ठा सावरावी, ही त्यांची तळमळ होती. हे कारण अधिक पटण्याजोगे आहे. यंत्रसामग्री व सजावटीच्या वस्तू त्यांनी यूरोपात हिंडून स्वतः निवडल्या. हॉटेल खुले झाल्यावर पाच महिन्यांतच, १९ मे १९०४ रोजी, जर्मनीतील बाट नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले.

इमारतीचा मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन्. मिर्झा यांचा असून काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने पूर्ण केले. खानसाहेब सोराबजी रतनजी कंत्राटदार हे बांधणारे होत. मधला, आधाराविना तरंगतो असे वाटणारा प्रसिद्ध जिना त्यांचीच करामत. चेंबर्स यांच्या नावापुढे वैद्यांचे नाव बरेच मागे पडले, हे अन्याय्य होय. इमारतीत यूरोपीय व भारतीय-इस्लामी शैलींचा मिलाफ असून कोपऱ्यांवरील लहान घुमटांमधून मोठा घुमट वर उठतो. मूळ प्रवेशद्वार समुद्राकडे नसून शहराच्या बाजूस, आज पोहण्याचा तलाव आहे तेथे होते. इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि त्या दुःखाने वास्तुविशारदाने आत्महत्या केली, ही आख्यायिका त्यावरूनच निघाली. पण गाड्या शहराकडून येत, म्हणून दारही तिकडे होते. गेट वे ऑफ इंडियाचे उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी झाले. म्हणजे हॉटेल त्याहून एकवीस वर्षांनी जुने.

विजेचे दिवे, अमेरिकन पंखे, जर्मन उद्वाहक आणि तुर्की स्नानगृहे ही आरंभीची वैशिष्ट्ये. स्नान, अंगमर्दन व विश्रांती यांची ही परंपरा पुढे ‘जीवा’ या आरोग्यकेंद्रात वेगळ्या रूपात चालू राहिली. पहिल्या महायुद्धात येथे ६०० खाटांचे रुग्णालय होते. सरोजिनी नायडू यांचे येथे दीर्घकाळ वास्तव्य असे. शेजारील ग्रीन्स हॉटेल पाडून त्या जागी उभारलेला बहुमजली मनोरा १९७३ मध्ये खुला झाला. जुन्या इमारतीशी त्याचे नाते जुळले आहे, असे मात्र म्हणवत नाही.

२६ ते २९ नोव्हेंबर २००८ या काळातील दहशतवादी हल्ल्यात येथे किमान ३१ जण मृत्यू पावले आणि जुन्या इमारतीस आगीने मोठी हानी पोहोचली. पाहुण्यांना वाचविताना अनेक कर्मचारी बळी पडले. मनोरा २१ डिसेंबर २००८ रोजी, तर जुनी इमारत दुरुस्तीनंतर १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा खुली झाली. २०१७ मध्ये इमारतीच्या दर्शनी रूपास व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी मिळाली. भारतात इमारतीस असे संरक्षण मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.