झोपाळा करकरतो, व्हायोलिनं थांबतात

ताडोबाच्या मोहर्ली गेटातून जिप्सी आत शिरली आहे. चैत्रातली पहाट, मोहाच्या फुलांचा गोड-आंबूस वास नाकात भरलेला. बांबूच्या बेटापलीकडून चितळ ओरडतं. "थांबा जी, कॉल आला," असं म्हणत गाइड हात वर करतो, इंजिन बंद होतं. आणि तेवढ्यात तुमच्या डोक्यात व्हायोलिनचा एक बारीक, थरथरता सूर सुरू होतो. या जंगलात व्हायोलिन कुठून आलं? ते तुमच्या कानात ज्यांनी बसवलं, त्यांच्याकडे जाऊ या. डोळे मिटा.

आता उघडा. गिरणीचा भोंगा! हे परळ आहे, साल १९७५. घामानं सदरा पाठीला चिकटलाय, हवेत चिमण्यांचा धूर, पाळी सुटलेल्या कामगारांच्या लोंढ्यात तुमचा खांदा दहा जणांना घासतोय. तसेच रेटत व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिर स्टुडिओत शिरा. ते जाड दार लोटा. भोंगा तिथंच तुटतो.

आत राळेचा वास, सिगारेटचा वास, शेजारच्याच्या डोक्याला लावलेल्या तेलाचा वास. रांगेनं व्हायोलिनवाले, त्यांतले कितीतरी गोव्याचे. गज घासता घासता कोंकणीत गप्पा चालल्यात. समोर पडदा. त्यावर 'शोले'चं एक रीळ मुकं धावतंय: घोडे आहेत, टापा नाहीत, तोंडं हलतात, शब्द नाहीत. राहुलदेव बर्मन, म्हणजे पंचम, पडद्याकडे बघत मांडीवर ठेका मोजतायत. बासू चक्रवर्ती, मनोहारी सिंग आणि मारुतीराव कीर हे त्यांचे सहायक.

तुम्ही चेलोच्या मागे बसा, अगदी खाली, फरशीवर. गज फिरला की तो खर्ज आधी तळपायांना कळतो, मग पोटाला, कानाला सगळ्यात शेवटी. पडद्यावर डाकू आलेत हे तुम्ही अजून पाहिलेलंही नसतं, आणि घसा कोरडा पडतो.

एकाचा गज घसरतो. टेक गेला. सगळ्यांनी पुन्हा पहिल्या खुणेपासून वाजवायचं, कारण चित्र आणि वाद्यमेळ एका दमात जुळायला हवेत. खोकला दाबून धरा. इथे तुमचा खोकलासुद्धा चित्रपटात जाईल.

आता ठाकूरच्या घरच्या हत्याकांडाचा प्रसंग. व्हायोलिनं सज्ज, पितळी वाद्यं ओठांशी. आणि कुणीच वाजवत नाही. इथे उरणार आहे झोपाळ्याची करकर. पलीकडे ध्वनिमिश्रणाच्या खोलीत मंगेश देसाई असेच आवाज एकमेकांत बसवतात. कुठला पुढे येईल, कुठला मागे राहील, हे त्यांचे कान ठरवतात. दुसऱ्या कुणी या जागी ढोल-नगारे भरले असते. मला विचाराल तर या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतातली सगळ्यात मोठी जागा हीच, एवढा ताफा हाताशी असताना गप्प बसण्याची. मोहर्लीच्या गाइडला हे वेगळं शिकवावं लागत नाही. वाघ जवळ असला की तो आधी गाडी बंद करायला लावतो.

पण फार वेळ गप्प बसायला मिळणार नाही. बसंतीच्या टांग्यामागे डाकू लागलेत, आणि बनारसचे पंडित समता प्रसाद तबल्यावर आहेत. तिच्या धन्नो घोडीच्या टापा त्या दोन हातांतून निघतायत! बोटं दिसेनाशी होतात, डग्गा घुमतो, खोली थरथरते, तुमचा गुडघा आपोआप उडायला लागतो. काचेसारखा स्वच्छ आवाज, आणि वेग असा की टांगा आत्ता अंगावर येईल.

"ओके!" खुर्च्या सरकतात, गज खाली येतात, सगळे एकदम बोलायला लागतात. चहावाला पोऱ्या पेले खणखणवत शिरलाय. पटकन एक उचला आणि तिथेच बसून राहा. भानू गुप्तांचा माउथ ऑर्गन अजून व्हायचाय.